शेक चालू असताना श्वासाचं सॅम्पल द्यायचंय? आदल्या दिवसापासून पिशवीला लेबल लागेपर्यंत काय करायचं आणि नेमकं कुठे चुकतं

मी परळच्या बाजूला एका हॉस्पिटलात रिसर्चचं काम बघते, आणि कॅन्सरसाठी रेडिएशन (ज्याला सगळे "शेक" म्हणतात) चालू असलेल्या पेशंटच्या श्वासाची सॅम्पलं घेणं हे त्यातलं रोजचं काम. हे लिहायला बसले कारण त्याच त्याच चुकांमुळे चांगली सॅम्पलं फुकट जातात. माणूस बदलापूरहून पहाटेची लोकल पकडून येतो, तोंड आलेलं असताना दुखत दुखत फुंकतो, आणि ते सॅम्पल वापरता येत नाही कारण येताना त्याने वेलची चघळलेली असते. त्याची चूक नाही, त्याला कोणी नीट सांगितलेलंच नसतं, "सकाळी या, फुंकायचंय" एवढंच फोनवर सांगितलं जातं. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. पेशंटसाठी आहेच, पण जास्त करून बरोबर येणाऱ्या माणसासाठी, कारण फाईल आणि पाण्याची बाटली त्याच्याच हातात असते.

१. आधी हे बघा की तुम्हाला नक्की कुठली "फुंकायची टेस्ट" सांगितलीय

रेडिएशनच्या पेशंटला श्वासाशी संबंधित चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी करायला सांगतात आणि घरी सगळ्यांना एकच नाव, "फुंकायची टेस्ट". प्रत्येकीची तयारी वेगळी असते, त्यामुळे पहिला गोंधळ इथेच होतो.

पीएफटी म्हणजे फुफ्फुसाची ताकद मोजायची, जोरात आणि शेवटपर्यंत फुंकायचं, मशीनवाला ओरडून ओरडून "अजून, अजून, अजून" म्हणतो ती. फेनो म्हणजे श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजायची टेस्ट, हिच्यात हळू आणि एकसारखं फुंकायचं, मोठ्या माणसाला साधारण १० सेकंद. फुफ्फुसाला सूज आहे का याचा अंदाज त्यातून येतो, अस्थमावाल्यांना ओळखीची असेल. हायड्रोजन ब्रेथ टेस्ट पोटासाठी असते, ओटीपोटाला शेक दिल्यावर जुलाब थांबत नसतील तर आतड्यात बॅक्टेरिया वाढलेत का बघायला, हिला आदल्या दिवशी ठरावीक जेवण, मग रात्रभर उपाशी राहणं आणि नंतर साखरेचं पाणी पिऊन थोड्या थोड्या वेळाने फुंकणं. आणि डाव्या स्तनाच्या शेकाच्या वेळी श्वास रोखून धरायला शिकवतात ती टेस्टच नाही, तो ट्रीटमेंटचाच भाग आहे, हृदय शेकाच्या वाटेतून थोडं लांब जावं म्हणून.

हा लेख पाचव्या प्रकाराबद्दल आहे. श्वास एका खास पिशवीत किंवा धातूच्या नळीत घेतात आणि त्यात अगदी सूक्ष्म प्रमाणात असलेली रसायनं लॅबमध्ये मोजतात. शेकाने पेशींमधल्या पाण्याचे आणि चरबीचे कण तुटतात, त्यातून पेंटेन, इथेन, अल्डिहाइड असली हलकी, उडून जाणारी रसायनं तयार होतात, ती रक्तात जातात, रक्तातून फुफ्फुसात आणि तिथून श्वासात. शेक शरीरावर कसा काम करतोय, कोणाला त्रास जास्त होणार, हे त्यावरून कळेल का याचा अभ्यास चालू आहे.

"अभ्यास चालू आहे" हे शब्द परत वाचा. या टेस्टवरून आज तुमचा शेक वाढवत नाहीत, कमी करत नाहीत, थांबवत नाहीत. गाठ कमी झाली का हे तपासणी आणि स्कॅनवरूनच ठरतं.

चेक: फोन करणाऱ्याला सरळ विचारा, "ही पीएफटी आहे, फेनो आहे, की रिसर्चचं सॅम्पल?" उत्तर फाईलच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. एकाच दिवशी दोन-तीन असतील तर क्रम विचारा. रिसर्चचं सॅम्पल आधी, मग फेनो, आणि पीएफटी सगळ्यात शेवटी. पीएफटीमध्ये जोर लावून फुंकल्यावर फेनोचा आकडा थोडा वेळ खाली येतो आणि माणूस दमतो ते वेगळंच.

२. सही करण्याआधी

रिसर्चच्या सॅम्पलला कन्सेंट फॉर्म (संमतीपत्र) लागतो आणि तो तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मराठीत मागा. घरी नेऊन वाचायचाय म्हटलं तर नेऊ द्यायलाच पाहिजे. तीन गोष्टी बघा: एथिक्स कमिटीची (रिसर्च पेशंटच्या हिताचा आहे ना ते तपासणारी समिती) परवानगी लिहिलीय का, काही शंका आली तर कोणाला फोन करायचा त्याचा नंबर आहे का, आणि "कधीही माघार घेता येईल, ट्रीटमेंटवर फरक पडणार नाही" हे वाक्य आहे का.

सावध: रिसर्चच्या टेस्टसाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. आणि बाहेर कोणी "श्वासावरून कॅन्सर गेला की नाही सांगतो" म्हणून पैसे मागत असेल तर तिथून उठा.

३. पहिलं सॅम्पल पहिल्या शेकाच्या आधी, नंतर नाही

सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. तुमच्या श्वासाची तुलना शेजारच्या खुर्चीवरच्या काकांशी होत नाही, तुमच्याच आधीच्या श्वासाशी होते. माणसामाणसात फरक इतका असतो की तशा तुलनेला फारसा अर्थ नसतो. आणि मोजायचे कण अब्जात काही भाग एवढेच असतात. त्यामुळे शेक सुरू व्हायच्या आधीचं सॅम्पल नसेल तर पुढची पाच-सहा सॅम्पलं कितीही छान दिली तरी ती कशाशी ताडून बघायची?

आणि नेमकं हेच हुकतं. शेकाच्या वेळी डोकं-मान हलू नये म्हणून लागणारा मास्क बनवायला किंवा प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनला बोलावतात त्या दिवशी बराच वेळ हातात असतो, पण कोणी विचारत नाही. मग अचानक फोन येतो, उद्या मशीनवर स्लॉट मिळालाय, या. माणूस धावत येतो, नंबर लागतो, शेक होतो, आणि मग संध्याकाळी आठवतं की अरे सॅम्पल राहिलं. ते परत येत नाही.

काय करायचं: सीटी सिम्युलेशनच्या, म्हणजे त्या प्लॅनिंगच्या स्कॅनच्या, दिवशीच आम्हाला भेटा आणि शक्य असेल तर त्याच दिवशी किंवा शेक सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांत पहिलं सॅम्पल द्या. त्याच दिवशी द्यायचं असेल तर स्कॅनसाठी शिरेतून औषध टोचायच्या आधी. पहिल्या शेकाच्या सकाळवर ठेवू नका, त्या दिवशी भीतीने श्वास तसाच जोरजोरात चालू असतो.

चेक: पहिल्या शेकाला आत जाताना टेक्निशियनला विचारा, "आमचं श्वासाचं झालंय ना?" पाच सेकंदांचं काम आहे.

४. आदला दिवस

आता खाण्याचं. पथ्य फार नाहीये, घाबरू नका, पण जे आहे ते पाळायचं.

लसूण बंद. लसणातला एक गंधकाचा घटक पोटातून रक्तात आणि रक्तातून फुफ्फुसात जातो, त्यामुळे दात घासून, चूळ भरून काही उपयोग नाही, तो दुसऱ्या दिवसापर्यंत श्वासात येत राहतो. वडापावची सुकी चटणी, लसणाची फोडणी दिलेली आमटी, शेजवान चटणी, ठेचा, सगळं त्यात आलं. कच्चा कांदा पण नको. संत्रं, मोसंबं, लिंबू आदल्या संध्याकाळपासून टाळा, त्याच्या सालीतलं तेल श्वासात दिसतं. पुदिना नको. दारू तर नकोच.

मग खायचं काय? मऊ भात, साधं वरण जिऱ्याच्या फोडणीचं, दूधभात, दुधीची भाजी, मुगाची खिचडी, दही, केळं. आणि जे पहिल्या सॅम्पलच्या आदल्या रात्री खाल्लं तेच प्रत्येक सॅम्पलच्या आदल्या रात्री खायचा प्रयत्न करा. पहिल्या वेळी खिचडी तर दर वेळी खिचडी. कंटाळवाणं आहे, मान्य, पण आठवड्यातून एक रात्र.

फेनो पण असेल तर पालक, बीट, मुळा, लेट्यूस नको, त्यातल्या नायट्रेटमुळे आकडा वाढतो.

सावध: सॅम्पलला उपाशी पोटी यायचं असतं, पण किती तास ते विचारून घ्या आणि तेवढंच रहा. बरेच जण "टेस्ट चांगली व्हावी" म्हणून संध्याकाळपासूनच खात नाहीत. हे दोन्ही बाजूंनी वाईट. एक तर शेक चालू असताना वजन टिकवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि दुसरं, जास्त वेळ उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि श्वासात अ‍ॅसिटोन वाढतो, मग आम्ही शेकाचा परिणाम मोजतोय की उपासाचा तेच कळत नाही. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार असेल तर सांगा, तारीख पुढे-मागे करता येते.

डायबेटिसवाल्यांनी स्वतःच्या मनाने गोळी किंवा इन्सुलिन चुकवायचं नाही आणि रिकाम्या पोटी प्रवास करायचा नाही. तुमच्यासाठी वेगळी सोय असते, नाश्ता करून दर वेळी तेवढ्याच वेळाने सॅम्पल घेता येतं. दम्याचा पंप, बीपीची गोळी, वेदनेची गोळी, काहीही डॉक्टरांना न विचारता बंद करायचं नाही.

५. सकाळ, घरातून निघेपर्यंत

इथे सगळ्यात जास्त सॅम्पलं बिघडतात आणि कारण मला फार उशिरा कळलं. लोकांना लाज वाटते. शेकाने तोंड कोरडं पडलेलं असतं, जखमा असतात, वास येतो, आणि आता कोणीतरी परकी बाई आपल्या तोंडाशी पिशवी धरणार म्हणून माणूस तोंड "स्वच्छ" करून येतो. एक मावशी होत्या, गालाच्या कॅन्सरच्या, पहिल्या दिवशी पदराच्या गाठीतून दोन वेलच्या काढून माझ्यासमोरच तोंडात टाकल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला त्रास नको." मी त्यांचा हात धरला, पण टाकून झाल्या होत्या. वेलचीत जो घटक असतो तोच निलगिरीच्या तेलात असतो आणि मशीनला तो डोंगरासारखा दिसतो, बाकी सगळं त्याच्याखाली झाकलं जातं. त्या दिवशी त्यांना परत पाठवावं लागलं आणि त्या नायगावच्या नातेवाईकांकडे एक रात्र जास्त राहिल्या.

म्हणून स्पष्ट लिहिते. आम्हाला वासाचं काहीच वाटत नाही. तुम्ही जसे आहात तसे या.

सॅम्पलच्या सकाळी हे नको: टूथपेस्ट (नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने घासा), माउथवॉश, वेलची, लवंग, बडीशेप, पान, सुपारी, च्युइंगम, खोकल्याची गोळी, विक्स, अमृतांजन, झेंडू बाम, इनहेलरची ती नाकात घालायची कांडी. तोंड आल्यावर डॉक्टरांनी जी औषधी चूळ दिलेली असते त्यात कधीकधी अल्कोहोल असतं, ती सॅम्पल झाल्यावर लगेच करा, आधी साध्या पाण्याने चूळ भरा. दुखणं सहनच होत नसेल तर करा, पण किती वाजता केली ते सांगा.

तंबाखू, विडी, सिगरेट, गुटखा, आणि मिश्री. मिश्री मी मुद्दाम वेगळी लिहिली कारण "तंबाखू खाता का?" विचारलं की बायका मनापासून "नाही हो" म्हणतात आणि रोज सकाळी मिश्रीने दात घासत असतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. शेक चालू असताना यातलं काहीच नको, पण घेतली असेल तर लपवू नका, आम्ही रागावत नाही. विडी-सिगरेट ओढलेली तर श्वासात दिसतेच आणि मग पूर्ण सॅम्पलचा अर्थ चुकीचा लागतो.

अंगावरचं पण बघा. अत्तर, डिओ, टाल्कम पावडर, मोगऱ्याचा गजरा नको. नेलपॉलिश काढायचं लिक्विड बहुतेक वेळा अ‍ॅसिटोनच असतं, आदल्या रात्री पण नको. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतील तर ती साडी किंवा स्वेटर घालून येऊ नका, रोजचा धुतलेला कपडा घाला.

आणि घरातली हवा. सकाळी देवासमोर उदबत्ती, धूप, कापूर लावला जातो, रात्रभर मच्छर अगरबत्ती जळत असते. दहा बाय दहाच्या खोलीत हे सगळं पेशंटच्या छातीत जातं. गणपतीच्या दिवसांत तर दोन वेळा कापूरारती. देवाला नमस्कार करा, दिवा लावा, फक्त त्या दिवशी कापूर आणि उदबत्ती सॅम्पल देऊन घरी गेल्यावर. फोडणीच्या वेळी पेशंटला स्वयंपाकघरात बसवू नका. धर्मशाळेत राहत असाल तर हे सगळं हातात नसतं, मला माहितीय, तेव्हा निदान सांगा की रात्री खोलीत अगरबत्ती होती.

चेक: दारातून निघताना पेशंटला विचारा, "तोंडात काय आहे?" हसू येईल, पण विचारा.

६. पोचल्यावर लगेच फुंकायचं नाही

परळ स्टेशनचा जिना चढून, ट्रॅफिकमधून, धापा टाकत आलात आणि लगेच पिशवी तोंडाला लावली तर त्यात अर्धी मुंबई येते. रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुरातली बेंझिन, टोल्युइन असली रसायनं श्वासात असतात आणि ती बाहेर पडायला वेळ लागतो. शिवाय श्वासातलं आयसोप्रीन नावाचं रसायन हालचाल केल्याबरोबर वाढतं, खुर्चीतून उठून चार पावलं टाकली तरी, आणि बसून राहिल्यावर खाली येतं.

म्हणून सॅम्पलच्या खोलीत निदान अर्धा तास बसायचं. वेटिंगमध्ये बसलेला अर्धा तास धरत नाही, कारण हवा त्या खोलीची मोजायची असते. आम्ही त्या खोलीच्या हवेचं पण एक सॅम्पल घेतो, म्हणजे श्वासात दिसलेलं काय शरीरातलं आणि काय खोलीतलं ते वेगळं काढता येतं. तुम्ही बसलेल्या खोलीतली हवा आणि आम्ही मोजलेली हवा वेगळी असेल तर त्या हिशोबाला अर्थ उरत नाही.

या अर्ध्या तासात: पाय जमिनीला टेकवून बसा, पाणी दोन घोट चालेल, फोनवर मोठ्याने बोलू नका, बाथरूमला जाऊन यायचं असेल तर आधीच जाऊन या. पावसात भिजला असाल तर कपडे बदला, ओल्या कपड्यात कुडकुडत दिलेलं सॅम्पल पण वेगळं येतं आणि तुम्हाला त्रास होतो ते वेगळंच.

सावध, सॅनिटायझर: दारात प्रत्येक जण हातावर सॅनिटायझर चोळतो आणि मग त्याच हाताने नळी धरतो. त्यात बहुतेक अल्कोहोलच असतं. या खोलीत यायच्या आधी साबण-पाण्याने हात धुवा. आमच्या स्टाफकडून पण ही चूक होते, एकदा फरशी फिनाइलने नुकतीच पुसलेली होती आणि मला वासाची इतकी सवय की लक्षातच आलं नाही, त्या सकाळची सगळीच सॅम्पलं गेली. तुम्हाला वास आला तर बोला, संकोच करू नका.

७. फुंकणं

पिशवी पांढरट, पातळ प्लास्टिकची दिसते पण साधी नसते, तिला स्वतःचा वास फार कमी असतो आणि आधी नायट्रोजनने दोन-चार वेळा धुतलेली असते. तोंडात धरायची नळी नवीन, तुमच्यासमोर पाकीट फोडलेली असली पाहिजे आणि मध्ये फिल्टर असला पाहिजे. टीबी झालेला असेल, औषध चालू असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल तर आधी सांगा.

क्रम असा:

सुरुवातीला दोन-तीन श्वास नेहमीसारखे. मग नाकाने एक शांत श्वास घ्यायचा, छाती फाटेपर्यंत नाही, जरासा मोठा. दोन-तीन सेकंद थांबायचं, सांगितलं असेल तरच. ओठ नळीभोवती घट्ट, गाल फुगवायचे नाहीत, आणि हळूहळू सोडायचं, गरम चहावर फुंकर मारतो तेवढ्याच जोराने.

पहिला भाग बाहेर सोडायचा, पिशवीत नाही. मोठ्या माणसाच्या तोंडात, घशात आणि श्वासनळीत साधारण १५० मिली हवा अशी असते जी फुफ्फुसाच्या आतपर्यंत पोचलेलीच नसते, ती तशीच परत येते. आपल्याला हवी ती खोलवरची हवा. काही उपकरणं कार्बन डायऑक्साइड मोजून आपोआप योग्य वेळी झडप उघडतात, तसं नसेल तर टेक्निशियन "आता" म्हणेल तेव्हा पिशवीची चावी (तोटी) उघडते. त्याच्या आधी घाई नको.

पिशवी एका फुंकेत भरत नाही. चार-पाच फुंका लागतात, मध्ये नळी काढून आराम करायचा. पिशवी पूर्ण टम्म करायची नाही, थोडी सैल ठेवायची. नीट चाललं असेल तर नळीच्या तोंडाला आतून बारीक वाफ धरते आणि पिशवी हळूच करकरते, तो आवाज आला की मला बरं वाटतं.

नेहमीच्या चुका. फुगा फुगवल्यासारखं जोरात फुंकणं, पीएफटी आधी झालेली असेल तर हमखास. पिशवीतलीच हवा परत आत ओढणं. मध्येच खोकला आला आणि तो पिशवीत गेला, अशा वेळी लपवायचं नाही, पिशवी बदलतो. भराभर श्वास घेऊन चक्कर येणं, बोटांना मुंग्या येणं, तसं वाटलं की लगेच थांबा आणि साधा श्वास घ्या, दोन मिनिटांत बरं वाटतं.

तोंड पूर्ण उघडत नसेल (गालाच्या, जिभेच्या कॅन्सरमध्ये हे खूप असतं) तर बारीक नळी किंवा नाकावाटे मास्कने घेता येतं. पण पहिल्यांदा नाकाने घेतलं तर शेवटपर्यंत नाकानेच. आज तोंड उघडतंय पण चौथ्या आठवड्यात उघडणार नाही असं डॉक्टरांना वाटत असेल तर सुरुवातच नाकाने केलेली बरी. श्वासासाठी गळ्यात नळी असेल तर तिथूनच घ्यायची वेगळी जोडणी लागते, घरच्यांनी स्वतः काही प्रयत्न करू नका. ऑक्सिजन चालू असेल तर तो स्वतःच्या हाताने काढायचा नाही, टेस्ट रद्द झाली तरी चालेल.

चेक: पिशवी बंद झाल्यावर चावी घट्ट आहे का आणि पिशवी हलकी दाबल्यावर हवा सुटत नाही ना, हे तुम्ही पण बघा.

८. लेबल आणि वेळ

लेबल तुमच्यासमोर चिकटवलं पाहिजे. त्यावर नाव नको, कोड नंबर असतो, तो तुमच्या फाईलमधल्या नंबरशी जुळतोय का बघा. एकाच आडनावाचे तीन पाटील एका सकाळी येतात, म्हणून सांगतेय.

त्यावर वेळ आणि शेकाचा नंबर हवा. नुसती तारीख पुरत नाही. मशीन बंद पडतं, सर्व्हिसिंग असतं, सुट्टी येते, पेशंटला ताप येतो, त्यामुळे तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी कोणाचा ११ वा शेक असतो तर कोणाचा ८ वा. "११ वा, शेकाच्या आधी, सकाळी ९.४०" असं पूर्ण. सॅम्पल शेकाच्या आधी दिलं की नंतर याने फरक पडतो, आणि पहिल्यांदा जे ठरलं तेच दर वेळी. आज नंबर लवकर लागला म्हणून आधी शेक घेऊन येतो, असं करू नका, आमच्या फोनची वाट बघा किंवा आम्हालाच फोन करा.

पिशवी उन्हात, गाडीच्या डिकीत, खिडकीत ठेवत नाहीत. काही तासांच्या आत लॅबला जावी लागते, म्हणून शेवटची वेळ दुपारची असते आणि "जरा चार वाजता येतो" ला आम्ही नाही म्हणतो.

९. तिसऱ्या आठवड्यानंतर

इथून खरी परीक्षा. पहिली दोन सॅम्पलं उत्साहात होतात, मग तोंड येतं, गिळवत नाही, जेवण कमी होतं, जेवणासाठी नाकातून नळी घालतात, चव जाते. घरचे म्हणतात आता राहू दे. राहू द्यायचं असेल तर राहू द्या, तो हक्क तुमचा आहे आणि कोणी तोंड वाकडं करणार नाही. पण द्यायचं असेल तर बदललेली प्रत्येक गोष्ट सांगायची.

कारण तेव्हा श्वासात जे बदलतं ते सगळं शेकामुळे नसतं. जेवण अर्ध्यावर आलं की अ‍ॅसिटोन वाढणार. तोंडात फंगस झालं, अँटिबायोटिक सुरू झालं, केमो आदल्या दिवशी झाली, नळीतून दुधाची पावडर सुरू झाली, वजन उतरलं, प्रत्येकाचा ठसा श्वासात उमटतो. हे लिहिलेलं नसेल तर आमच्यासारखा माणूस त्यालाच शेकाचा परिणाम समजून बसेल.

एक शाळेची वही करा. रोज चार ओळी: काय खाल्लं आणि किती, नवीन औषध कुठलं, किती वाजता, ताप-खोकला-जुलाब आहे का, आज शेक झाला की नाही. वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर. एका काकांची नात चौथीत होती, ती हे लिहायची, "आजोबांनी आज दोन चमचे पेज खाल्ली, मग नाही म्हणाले", एवढंच. आमच्या सगळ्या फॉर्मपेक्षा त्या वहीने जास्त कळायचं.

सावध: वजन झपाट्याने उतरतंय, पाणी पण जात नाहीये, ताप आहे, अशा वेळी सॅम्पल विसरा आणि आधी ओपीडीत जा.

१०. रिपोर्टचं आणि शेक संपल्यानंतरचं

रिपोर्ट बहुतेक मिळत नाही. अशा अभ्यासात बऱ्याच पेशंटची सॅम्पलं जमल्यावर एकत्र हिशोब होतो, तेव्हा "आमचा कसा आला?" या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकत नाही, आणि ते न सांगणं म्हणजे वाईट बातमी लपवणं नाही. हे आधीच घरात सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर माणूस रात्रभर जागतो.

शेक संपल्यावर पण एक-दोन सॅम्पलं असतात, फॉलोअपच्या दिवशी. तयारी तीच, तोच उपवास, तीच खिचडी, तीच खोली. गावी परत गेलेल्यांनी फॉलोअपची तारीख आणि सॅम्पलची तारीख एकच करून मागा, दोनदा यायला लागू नये.

छातीला शेक झालेल्यांनी (फुफ्फुस, अन्ननलिका, स्तन) एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवायची. शेक संपल्यावर साधारण एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, चालताना दम, बारीक ताप असं काही सुरू झालं तर ती फुफ्फुसाला शेकाने आलेली सूज असू शकते. गावच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध घेऊन पंधरा दिवस काढू नका. शेक झाल्याची फाईल घेऊन डॉक्टरकडे जा, "अमुक महिन्यात छातीला शेक झालाय" हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि जमेल तेवढ्या लवकर जिथे शेक घेतला तिथे फोन करा. पुढच्या श्वासाच्या सॅम्पलची तारीख तीन आठवड्यांवर आहे म्हणून तोपर्यंत थांबायचं नाही.